अम्मीच्या ट्रंकेतली चिठ्ठी

वरळीच्या बीडीडी चाळीतलं घर रिकामं करताना अम्मीच्या ट्रंकेत डॉक्टरांची 1981 सालची चिठ्ठी सापडली. ती बघून अम्मी गप्प झाली. मग म्हणाली, “तुझ्या वेळी पाळी चुकली, तेव्हाच्या गोळ्या. पाळी आली तर दिवस गेले नाहीत, नाही आली तर गेले, असं समजायचं.”

या ‘ईपी’ गोळ्या. कृत्रिम इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचा मोठा डोस. कित्येकजणी गर्भ पाडायलाही घ्यायच्या. गर्भ बहुधा पडायचा नाही, औषध मात्र पोटातल्या बाळापर्यंत पोहोचायचं. बाळात व्यंग येण्याच्या धोक्याचा इशारा ब्रिटनमध्ये 1967 सालीच दिला गेला होता. आपल्या सरकारने 1982 मध्ये बंदी घातली. कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती आणली. महिला संघटना लढत राहिल्या, तेव्हा कुठे 1988 मध्ये या गोळ्यांवर कायमची बंदी आली.

“तुला कुणी सांगितलं नव्हतं?” मी विचारलं.

“गोळ्या घेतल्यावर शेजारणीकडून कळलं. पुढचे महिने झोप नव्हती. तू झालीस तेव्हा आधी तुझी बोटं मोजली.”

अलहम्दुलिल्लाह, मी धडधाकट आहे. पण आजही सुना-मुली शरमेपोटी केमिस्टकडे ‘पाळी आणायची गोळी’ मागतात. बहिणींनो, पाळी चुकली तर आधी लघवीची तपासणी करा. ती घरीही होते. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, आणि ती कशाची, कशासाठी, हे विचारायला लाजू नका. ते विचारायचं राहून गेलं, याचं अम्मीला आजही वाईट वाटतं.