अंदाजे पत्ता

डोंगरकड्यात पत्ता सांगण्याची रीत मुळातच अंदाजाची आहे. ‘मारुतीच्या पारापर्यंत या, मग कुणालाही विचारा,’ एवढ्यावर भागते. त्या विचारण्यातच राखण असते. पाहुणा कुणाकडे, कशासाठी आला, हे चार जणांना कळल्यावाचून तो दारापाशी पोहोचत नाही. नकाशावरचा ठिपका मात्र अनोळखी माणसालाही थेट उंबऱ्यावर आणून सोडतो.

जवळचा सोबती सापडावा म्हणून आमच्या अभ्यासगटाने सदस्यांची घरे ऑनलाइन नकाशावर दाखवण्याचे ठरवले, तेव्हा एका ताईंनी नकार दिला. त्या दोन लेकरांसह शेतातल्या आखाड्यावर राहतात. पती कामासाठी महिनोन्महिने बाहेर असतात. “जवळ कोण आहे ते मलाही कळू द्या, पण माझं दार दाखवू नका,” त्या म्हणाल्या. ही मागणी मला रास्त वाटली.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे दोनच अंक ठेवले, की घराऐवजी किलोमीटरभराचा चौकोन उरतो. गावठाणातले घर त्यात शेकडो घरांमध्ये दडते. पण शिवारातल्या चौकोनात आखाडा एकच असेल, तर दडवले काय? तेव्हा अंतराइतकीच त्यात येणारी घरेही मोजायला हवीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत हे भान दिसते. संशोधकांना घरांची ठिकाणे मिळत नाहीत. घरांच्या गटाचा एकच बिंदू मिळतो, तोही मुद्दाम सरकवलेला. शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाचपर्यंत आणि शंभरांतल्या एका ग्रामीण गटासाठी दहापर्यंत. वस्ती विरळ, म्हणून आडोसा मोठा. मात्र असा बिंदू एकदाच सरकवावा. नकाशा उघडताना तो दर वेळी नव्या जागी पडला, तर त्या साऱ्या जागांचा मध्य काढून मूळ ठिकाण हुडकता येते.

ताईंसाठी आम्ही ठिपका ठेवलाच नाही. गावाच्या नावापुढे फक्त ‘तीन विद्यार्थी’ असा आकडा लिहिला. पुढचा निरोप गटातल्या एका बाईंमार्फत जातो.

नेमक्या पत्त्याचे मोल ताईंना कळत नाही असे नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षरांकांचा संकेत सुमारे चार मीटर लांबी-रुंदीची जागा दाखवतो. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागली तर हाताशी असावा, म्हणून त्यांनी तो आखाड्याच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. आतल्या बाजूने.