ओसरीवरचा फास्टर फेणे

आमच्या घरात चुलत, आते, मामे असा भेद नव्हता. सुट्टीत सगळी पोरं एकच. आमची देवरी तेव्हा भंडारा जिल्ह्यात होती (गोंदिया जिल्हा 1999 साली झाला) आणि गोष्टीचं पुस्तक घ्यायचं तर नागपूर गाठावं लागे. मोठे बाबा तिकडून परतले की आम्ही त्यांच्या पिशवीवर तुटून पडायचो. त्याच पिशवीतून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घरात आला आणि पानं सुटेस्तोवर राहिला. प्रत एकच, म्हणून ताई ओसरीवर मोठ्याने वाचायची. फेणेचं 'ट्टॉक' आलं की सगळ्यांच्या जिभा टाळूला!

फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश फेणे. भागवतांनी ज्यूल व्हर्नही मराठीत आणला, पण त्याच्या गोष्टीतल्यासारखं चंद्रावर जायचं तर यान लागतं. फेणेला सायकल पुरायची. सोबतीला सुभाष देसाईसारखा दोस्त असला की झालं. 'जवानमर्द फास्टर फेणे'त तर तो 1962 च्या चिनी आक्रमणात थेट नेफात (आजच्या अरुणाचलात) पोचतो. मोठ्यांच्या परवानगीवाचून पोरं एवढं करू शकतात, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा कळलं.

ती मोकळीक अंगात उतरली मात्र चिचगडकडून शाळेला येणाऱ्या एका गोंड दोस्तामुळे. वाचन ऐकता ऐकता तो म्हणायचा, "चला ना बे, रानात जाऊ." चैत्रात मोहफुलं पहाटे टपटप गळतात. त्या वासावर अस्वलंही येतात, म्हणून तो आधी कान देऊन उभा राही, जमिनीवर ताजा माग नाही ना ते बघे, मगच आम्हाला पुढे येऊ देई. पिवळसर, रसाळ फूल उचलून आतलं जिरं काढायचा आणि पहिलं ताईला द्यायचा.

ताईचं सांगायलाच हवं. घरात पोरींना सायकलची मनाई होती. तासावर भाड्याने आणलेल्या सायकलीचं कॅरिअर या दोस्ताने धरून ठेवलं आणि ताईने दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारलं. आजी ओरडली. मोठी आई म्हणाली, "शिकू दे ना तिले." रायपूर रोडवर जायची बंदी तेवढी राहिली, आणि ती योग्यच होती, ट्रक तेव्हाही भरधाव असत.

2017 च्या सिनेमातला मोठा झालेला फेणे आमच्या पोरांनी पाहिला, त्यांना आवडलाही. तरी तुमच्या कपाटात भागवतांचा फेणे असेल तर बाहेर काढा. एकाच पोराच्या हातात देऊ नका. चार पोरं बसवा, शेजारचंही बोलवा आणि मोठ्याने वाचायला लावा.