चार ओळींचा हेल्पर

लिनक्स कर्नलसाठी हेल्पर फंक्शन लिहायला फार डोकं लागत नाही. तेच फंक्शन सगळ्या मॉड्यूलांसाठी एक्स्पोर्ट करायचं म्हटलं की मात्र कस लागतो. ड्रायव्हरमागून ड्रायव्हरमध्ये तेच दोन कॉल एकापाठोपाठ दिसू लागले की हात शिवशिवतात. २०१९ साली ५.१ आवृत्तीत आलेलं ‘डेव्हएम-प्लॅटफॉर्म-आयओरीमॅप-रिसोर्स’ असंच जन्मलं. आधी डिव्हाइसचा रिसोर्स शोधा, मग त्याची रजिस्टरं मॅप करा. ही दोन्ही कामं एका कॉलमध्ये. नाव एका दमात उच्चारून दाखवा, पण काम चोख.

नवा हेल्पर आला की मी आधी बघतो, तो हरल्यावर काय परत देतो. जुनं ‘डेव्हएम-आयओरीमॅप’ फसलं तर नल देतं. नावापुढे ‘रिसोर्स’ लागलेलं त्याचं भावंड फसलं तर एरर क्रमांकच पॉइंटर म्हणून हातात ठेवतं; जागा आधीच कुणी अडवली असेल तर उणे १६. बोलावणाऱ्याने सवयीने फक्त नल तपासला, तर उणे १६ ला पत्ता समजून ड्रायव्हर खुशाल पुढे जातो आणि पहिलं रजिस्टर वाचतानाच कर्नल कोसळतो. कंपायलर बिचारा गप्प, त्याच्या लेखी दोन्ही पॉइंटरच.

परतीचं मूल्य ठरवताना चुकलं की निस्तरायला वर्षं जातात. ‘स्ट्रएलकॉपी’ने मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे कॉपी चारच बाइट करायचे असले तरी मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचणं आलं, आणि तिच्या शेवटी शून्य नसलं तर वाचन हद्दीबाहेर. २०१५ मध्ये ‘स्ट्रएससीपीवाय’ हा पर्याय आला. जुनं फंक्शन कर्नलमधून गेलं ते २०२४ मध्ये, ६.८ आवृत्तीत. मधल्या काळात एकेक कॉल शोधून बदलत बसावं लागलं.

म्हणूनच कर्नलच्या स्वतःच्या झाडात वापरणारा कुणी नसेल तर एक्स्पोर्ट सहसा नाकारतात, ते मला पटतं. ‘पुढेमागे लागेल’ हे कारण चालत नाही. पॅचमालिकेत पहिला पॅच हेल्परचा असतो, पुढचे ड्रायव्हर बदलणारे. मी वाचायला सुरुवात दुसऱ्यापासून करतो. तिथे अडून हेल्परची व्याख्या उघडावी लागली, तर आधी नाव बदलायला सांगतो.