नाक्यावरचा दिवा
नांदेडहून लातूरकडे निघालो असता, लोहा मागे पडून अहमदपूर यावयाच्या आत, वाटेतल्या एका नाक्यावर शिपायाने हात आडवा केला, तेव्हा परवाना, विमा, प्रदूषणाचा दाखला असा सारा दस्तऐवज जवळ असूनही मनात अपराध्याची भावना का दाटून यावी, हे मला अद्याप उमगलेले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गणवेशातील अंमलदारास परवाना मागण्याचा अखत्यार दिला आहे. तक्रार अखत्याराची नाही, भर उन्हात तिष्ठत ठेवण्याची आहे. माझा चडफडाट चालू असतानाच त्याने उजव्या दिव्याच्या काचेवर बोटाने टकटक केले. दिवा गेलेला होता. मागे एकही लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली मात्र शेजारून निर्वेध निघून गेली. चाकूरला थांबून मी नवा दिवा बसवून घेतला.