चालता गुडघा

१९ जानेवारी २०२५
दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक आज संपला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार महाराष्ट्राचीच, प्रियांका इंगळे. खांबाजवळचं एकेक वळण मी श्वास रोखून बघत होते. कॉलेजात असताना अशाच एका वळणावर माझं पाऊल मातीत रुतलं, गुडघा वाकलेला होता आणि धड तेवढं फिरलं. उजव्या गुडघ्यातली आतल्या बाजूची गादी, मेनिस्कस, तेव्हा फाटली. आज मात्र मन आनंदाने भरून आलं.

२२ जानेवारी
थंडी आहे, सकाळी गुडघा आखडलेला होता. पलंगाच्या कडेला बसून पाय पुढे-मागे झुलवले, मगच उभी राहिले.
गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो. म्हणून तिथली चीर सहसा सांधत नाही. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला तर रक्तवाहिन्याच नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की ती स्पंजासारखी द्रव शोषून घेते. नुसतं बसवून ठेवलेल्या गुडघ्याला हे पोषण पुरेसं मिळत नाही. त्याला चालवायलाच हवं, पण बेताने.

२७ जानेवारी
काल किल्ल्याच्या पायऱ्या उतरले. आज उठल्याबरोबर वाटीच्या आतल्या बाजूची खळगी अंगठ्याने चाचपली. ती भरून आली होती, म्हणजे सांध्यात पाणी झालंय. दुखणं फसवतं, ही खळगी सहसा फसवत नाही. दुसऱ्या दिवशी ती भरलेली दिसली की भार कमी करायचा, जशीच्या तशी असली की हळूहळू वाढवायचा. आज पायरीचा व्यायाम बंद. पाय सरळ ठेवून उचलणं आणि सपाटीवरचं चालणं चालू. मांडीचा पुढचा स्नायू बळकट राहिला तर गुडघ्यावरचा बराच ताण तो पेलतो.

४ फेब्रुवारी
रथसप्तमी. शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले. सगळ्या सतरंजीवर बसल्या, मी खुर्ची मागून घेतली. मांडी घालून बसलं की गादीची मागची बाजू चेपते. काकू म्हणाल्या, "अगं, आता चालणं-बिलणं बंद कर, गुडघा झिजेल." मी म्हटलं, "काकू, बसून वजन वाढेल त्याचं काय? एक किलो कमी झालं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो." काकूंनाही गुडघ्याचा त्रास आहेच. उद्यापासून माझ्याबरोबर चालायला यायचं त्यांनी कबूल केलं.

१० फेब्रुवारी
डॉक्टरांकडे जाऊन आले. पूर्वी फाटलेली गादी अख्खी काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये पुढे दिसणारे बदल नोंदवले. २०१३ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी झिजून फाटलेल्या गादीचा तुकडा काढण्याची तुलना नुसत्या दिखाऊ ऑपरेशनशी केली. वर्षभराने दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या त्रासात म्हणण्यासारखा फरक नव्हता. गुडघा अडकून सरळच होईना, तर गोष्ट वेगळी. माझा अडकत नाही. व्यायामच चालू ठेवायचा, असं आमचं दोघांचं ठरलं.

१७ फेब्रुवारी
शाळेच्या मैदानावर मुलींना उडी मारून थांबायला शिकवलं. सातवीतल्या एकीचा गुडघा पाय टेकताना दर वेळी आत झुकत होता. तिच्यासमोर उकिडवं बसता येत नाही, म्हणून बाकावर बसून तिचा गुडघा पावलाच्या रेषेत आणून दाखवला. "बाई, खेळायला कधी सोडणार?" ती म्हणाली. सोडणार तर आहेच! पण रोज आधी पंधरा मिनिटं उडी, वळण, तोल. स्पर्धा जवळ आली की हीच मिनिटं कापायचा आग्रह होतो. यंदा मी ती कोणालाही कापू देणार नाही. या मुलींना पुढे बरीच वर्षं खेळायचंय.