काळ्या माणसाची बैलगाडी

अमेरिकेत बैलगाड्यांच्या तांड्यांनी पश्चिमेला गेलेल्या घराण्यांच्या कथांत मला जॉर्ज बुशचे घराणे आपले वाटते.

१८४४ साली हा कृष्णवर्णीय शेतकरी पत्नी इसाबेला व पाच मुलांसह मिसुरीहून ओरेगॉनकडे निघाला. त्याच वर्षी तिकडे कायदा झाला : काळ्या माणसाने राहू नये, राहिल्यास फटके! म्हणून कुटुंब कोलंबिया नदीच्या उत्तरेला गेले. गोरे सोबतीही त्यांच्याबरोबर गेले. ती भूमी मुळात आदिवासींची, हेही विसरू नये.

बुशने शेती पिकवली, टंचाईत नवागतांना धान्य दिले. पण १८५० च्या जमीनवाटप कायद्यात काळ्यांना वाटा नव्हता. शेजाऱ्यांनी त्याच्यासाठी खटपट केली, तेव्हा १८५५ मध्ये खास कायद्याने ६४० एकर मिळाले. मताचा हक्क मात्र १८६३ मध्ये मरेपर्यंत मिळाला नाही. त्याचाच मुलगा विल्यम ओवेन १८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या पहिल्या विधिमंडळात निवडून गेला!

बंधू-भगिनींनो, आपल्याही घरांत गाव सोडून आलेली माणसे आहेत. ती कशी आली हे मुलांना सांगताना, कोणत्या रूढीने त्यांना गाव सोडायला लावले, तेही सांगा. लिहून ठेवा.