रिपनसाहेबांच्या गावाकडचे चर्च

"लॉर्ड रिपन, स्थानिक स्वराज्य, १८८२" एवढे आम्ही शाळेत मुलांकडून घोकून घेतो. सुट्टीत ब्रॅडफर्डला भाचीकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "चला खाला, तुमच्या रिपनसाहेबांचे घराणे दाखवते." सोबत तिच्या अम्मी, म्हणजे आमच्या मोठ्या आपाही होत्या.

स्टडली रॉयलच्या बागेत हरणे चरतात. लाइमच्या (आपले लिंबू नव्हे!) झाडांची लांब रांग संपते तिथे सेंट मेरीज चर्च उभे आहे, सुळक्यासारखा उंच मनोरा घेऊन. विल्यम बर्जेसने १८७१ ते १८७८ या काळात बांधले. बाहेरून फिक्या दगडाचे, शांत. आतही पुढचा भाग साधा, आणि मग एकदम सोने! मागच्या गाभाऱ्यात छतावर सोनेरी वर्ख, रंगीत दगड, पंखांचा सिंह. खिडकीला दगडी जाळी दुहेरी, मधे पोकळी, त्यामुळे ऊन गाळून आत येते. आम्ही मूर्तींपेक्षा त्या जाळ्या आणि टोकदार कमानीच जास्त पाहत राहिलो. बर्जेसला पूर्वेकडच्या कामाचा भारी शौक. कार्डिफच्या किल्ल्यात त्याने 'अरब रूम' केली. मुंबईच्या कलाशाळेसाठीही त्याने नकाशे काढले होते, पण ती इमारत उभी राहिलीच नाही. हळहळ वाटते.

रिपन पती-पत्नींच्या संगमरवरी कबरी इथेच आहेत. चर्च बांधवले ते बाईंनी. त्यांचा तरुण भाऊ फ्रेडरिक व्हायनर १८७० मध्ये ग्रीसमध्ये डाकूंनी पकडून मारला. खंडणीसाठी जमवलेली रक्कम तशीच राहिली. त्यातून हे चर्च झाले आणि काही मैलांवर स्केल्टनला आईने बर्जेसकडूनच दुसरे बांधवले, असे सांगतात.

भाची हे सांगत होती आणि मधेच थांबली. आपांचा थोरला सौदीत कामावर असताना गेला. भरपाईची रक्कम आली, ती आपांनी तीन वर्षे बँकेतून काढली नाही. मग गावच्या मशिदीत वजूचा हौद बांधला.

आपा बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "दोघींनी वेगवेगळे बांधले? एकत्र नाही?"

आम्हाला उत्तर माहीत नव्हते.

बाहेर गवतावर जुहर पढलो, थर्मासमधला चहा घेतला. परतताना गाडीतूनच आपांनी गावाला फोन लावला. हौदाची एक तोटी गळत होती, ती बदलली का, एवढेच विचारले.